पाण्यावरची साय

लावणी होऊन आठवडा-दोन आठवडे झाले, ढग जरा पांगले आणि पाण्यावर ऊन पडले, की भाताच्या खाचरात एक पातळ साय धरू लागते. निळसर हिरवी, बोटाला बुळबुळीत. रोपे वाढून त्यांची दाट सावली पडली की ती विरते. खाचर सुकले की मातीच्या पापुद्र्यांना चिकटून उन्हाळाभर पडून राहते आणि मृगाच्या पाण्यात पुन्हा जिवंत होते. शेवाळ म्हणून सोडून दिलेल्या या सायीने विसाव्या शतकात भल्याभल्यांना कामाला लावले. कोइमतूर, लंडन, बनारस, टोकियो, दिल्ली, फिलिपिन्समधले लॉस बान्योस आणि शेवटी आपले कोकण असा तिचा माग निघतो. या गोष्टीत एक मोठी सरकारी मोहीम आहे आणि त्या मोहिमेची एक तितकीच मोठी चूकही आहे.

कोडे जुनेच होते. ज्वारी-गहू पिकवणारा शेतकरी शेणखत घालतो, बेवड पाहतो, कडधान्याची फेरपालट करतो. भातशेतकरी मात्र त्याच खाचरात वर्षानुवर्षे भातच लावतो, अनेक ठिकाणी नावापुरते खत घालून. तरी जमीन हात वर करत नाही. १९५०-५१ साली भारतात तांदळाचे सरासरी उत्पादन हेक्टरी ६६८ किलो होते, म्हणजे साळीच्या रूपात साधारण एक टन. एक टन साळ पिकवायला पिकाला १५ ते २० किलो नत्र लागते. उतारा थोडा खरा, पण तेवढे नत्र दरवर्षी शेताबाहेर जात होते आणि दरवर्षी कुठून तरी परतही येत होते. कुठून?

पहिला धागा कोइमतूरला हाती आला. १९१३ पासूनच्या काही वर्षांत डब्ल्यू. एच. हॅरिसन आणि पी. ए. सुब्रह्मण्य अय्यर हे दोघे तिथे भाताच्या चिखलातून निघणाऱ्या वायूंचा अभ्यास करत होते. चिखलात मिथेन तयार होतो, मग पाण्यात उभ्या असलेल्या मुळांना प्राणवायू मिळतो कसा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर मातीच्या वरच्या थराशी सापडले. तिथल्या शेवाळाच्या पापुद्र्यात दिवसभर प्राणवायू तयार होत होता आणि पाण्यातून तो मुळांपर्यंत पोचत होता. खाचरातले शेवाळ निरुपयोगी कचरा नाही, एवढे ठरले. नत्राचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता.

तो हातात घेतला पी. के. डे या संशोधकाने. भाताला नत्र कुठून मिळते याचा छडा लावताना डे यांनी पाण्याखालच्या भातमातीचे नमुने काही उजेडात, काही अंधारात ठेवले. उजेडातल्या मातीत नत्र वाढले, अंधारातल्या मातीत वाढले नाही. हा निकाल साधा दिसतो, पण त्याने तेव्हाचा समज मोडला. हवेतले नत्र धरण्याचे श्रेय त्या काळी मातीतल्या जिवाणूंना, विशेषतः अ‍ॅझोटोबॅक्टरला, दिले जाई. अ‍ॅझोटोबॅक्टरला उजेडाची गरज नसते. मग उजेडावाचून ज्याचे अडते असा मातीतला कामकरी कोण?

संशय शेवाळावर होता, पण आरोप सिद्ध करणे कठीण होते. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या धाग्यांभोवती बुळबुळीत आवरण असते आणि त्या आवरणात जिवाणू दडून बसलेले असतात. नत्र शेवाळाने धरले की त्याच्या अंगाखांद्यावरच्या जिवाणूंनी, हे सांगणार कसे? जिवाणूंपासून पूर्ण मोकळे केलेले शेवाळही नत्र धरते, हे के. ड्रेव्ज या जर्मन संशोधकाने १९२८ मध्ये दाखवले होते. डे यांनी तीच कसोटी भातशेतातल्या शेवाळाला लावली. लंडनमधले नामांकित शेवाळशास्त्रज्ञ एफ. ई. फ्रिट्श यांच्यासोबत त्यांनी १९३८ मध्ये ‘नेचर’मध्ये टिपण लिहिले आणि १९३९ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. भातमातीतून वेगळ्या केलेल्या अ‍ॅनाबीनाच्या जातींनी नत्र धरले होते, फॉर्मिडियमने धरले नव्हते. डे यांचा निष्कर्ष असा की भाताच्या खाचरात नत्र साठवण्याचे मुख्य काम शेवाळ करते, जिवाणूंचा वाटा किरकोळ आहे.

यातली गंमत अशी की हे ‘शेवाळ’ही जिवाणूच आहे, असे विज्ञानाने पुढे ठरवले. आज त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. म्हणजे डे यांनी जिवाणूंच्या हातून काढून घेतलेले श्रेय फिरून जिवाणूंकडेच गेले, फक्त वेगळ्या घराण्याकडे.

या शेवाळाच्या शरीरात नत्र धरण्याचे काम नेमके कुठे चालते, ते कळायला आणखी वेळ लागला. अ‍ॅनाबीनाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि त्या माळेत मधूनमधून एखादा जाड भिंतीचा, फिकट, रिकामा वाटणारा मणी असतो. त्याला हेटरोसिस्ट म्हणतात. तो कशासाठी असतो, हे कुणालाच सांगता येत नव्हते. १९५१ मध्ये खुद्द फ्रिट्श यांनी त्याला वनस्पतिशास्त्रातले कोडे म्हटले. १९६८ मध्ये फे, स्ट्यूअर्ट, वॉल्सबी आणि फॉग या चौघांनी बोट ठेवले ते याच मण्यावर. नत्र धरणारे विकर प्राणवायू लागताच निकामी होते आणि शेवाळ तर दिवसभर प्राणवायू सोडत असते. म्हणून माळेतले काही मणी प्रकाशसंश्लेषणातला प्राणवायू सोडण्याचा धंदाच बंद करतात, भिंती जाड करून घेतात आणि आत बसून नत्र धरतात. जाऊबाईंनी कामे वाटून घ्यावीत तसा हा प्रकार.

बनारसला डे यांच्या निबंधाच्याच सुमारास राम नगिना सिंह हे संशोधक निराळ्या उद्योगात होते. संयुक्त प्रांत आणि बिहारमधल्या भातमातींतले शेवाळ तपासून त्यांनी १९४२ मध्ये दाखवले की तिथला खरा कर्ता ऑलोसिरा फर्टिलिसिमा आहे. त्यांचे लक्ष पुढे उत्तर प्रदेशातल्या ऊसर जमिनींकडे गेले. आपल्याकडे जिला चोपण म्हणतात तशी ही जमीन. सोडियमने घट्ट झालेली, पाणी न मुरणारी, उन्हाळ्यात वर पांढरे पोपडे धरणारी. गवतही न उगवणाऱ्या या जमिनीवर पावसाळ्यात नॉस्टॉकचे जाड थर मात्र हमखास येतात, हे सिंह यांनी हेरले. बांध घालून पावसाचे पाणी अडवले, शेवाळ मनसोक्त वाढू दिले आणि मग त्याच जागी भात लावला. १९५० मध्ये ‘नेचर’ने त्यांचा हा वृत्तांत छापला, तेव्हा ऊसर जमिनी सुधारण्याची गुरुकिल्ली सापडली असे अनेकांना वाटले.

ती किल्ली पुरी पडली नाही. शेवाळाचा परिणाम वरच्या थरापुरता राहतो, खालचे सोडियम त्याने हटत नाही. १९६९ मध्ये कर्नालला मृदा लवणता संशोधन संस्था उभी राहिली, तिने जिप्समचा मार्ग धरला आणि चोपण जमिनी मोठ्या प्रमाणावर सुधारल्या त्या जिप्समने. तरी सिंह यांचे श्रेय उरतेच. शेवाळाचा उपयोग शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पाहणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते आणि १९६१ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने त्यांचा या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच परिषदेने दोनच वर्षे आधी टी. व्ही. देशिकाचारी यांचा ‘सायनोफायटा’ हा जाडजूड ग्रंथ काढला होता. या विषयात भारत कुणाचा शागीर्द नव्हता.

टोकियोत आत्सुशी वातानाबे यांनी वेगळी वाट धरली. शेतात असलेले शेवाळ वाढवण्यापेक्षा उत्तम शेवाळ निवडावे, प्रयोगशाळेत वाढवावे आणि बियाण्यासारखे शेतात पेरावे. १९५१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेरणीने भात सुधारल्याचे निकाल मांडले. टोलिपोथ्रिक्स टेनुइस ही त्यांची लाडकी जात. ‘पेरणे’ हा शब्द इथे लक्षात ठेवावा, कारण पुढची तीस वर्षे या विषयावर त्याचेच राज्य चालले.

दरम्यान जग कारखान्यांच्या नत्राकडे वळले होते. जर्मनीत ओप्पाऊला १९१३ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला. शेवाळ जे काम खाचराच्या कोमट पाण्यात करते, त्यासाठी तिथे चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दोनशेपट दाब लागत होता. भारतात सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये उत्पादन देऊ लागला. १९६६ मध्ये आयआर-८ हे बुटके, खताला हपापलेले वाण आले. जुन्या उंच वाणांना जास्त नत्र दिले की ती आडवी होत, हे वाण उभे राहून सगळे पचवत असे. हेक्टरी वीस किलो नत्रावर चालणारी शेती आता शंभर किलोची भाषा बोलू लागली आणि शेवाळाची गोष्ट बाजूला पडली.

ती परत आली १९७३ मध्ये. अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले, पाठोपाठ खते महागली आणि आयातीवर विसंबलेल्या देशांचे धाबे दणाणले. फुकटात नत्र देणारी कोणतीही गोष्ट अचानक राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांची तयारी आधीपासूनच होती. भातासाठी शेवाळाचे खत या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९७२ मध्येच आले होते.

वेंकटरामन यांचे मोठेपण असे की त्यांनी प्रयोगशाळा शेतकऱ्याच्या अंगणात आणली. पत्र्याचा उथळ ट्रे घ्यायचा, नाहीतर खड्डा खणून त्यात प्लॅस्टिक अंथरायचे. तळाला आठ-दहा किलो माती, त्यात थोडे सुपर फॉस्फेट, वर काही बोटे पाणी. माती खाली बसली की शेवाळाचे वाळलेले विरजण वरून भुरभुरायचे. कडक उन्हात आठ-दहा दिवसांत जाड थर येतो. मग पाणी आटू द्यायचे आणि सुकून सुटलेले पापुद्रे गोळा करून पिशवीत भरायचे. लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी दहा किलो पापुद्रे उभ्या पाण्यात फेकायचे आणि असे तीन-चार हंगाम सलग करायचे. हेक्टरी २५ ते ३० किलो नत्र वाचेल, असा दावा होता. तमिळनाडूत या योजनेने चांगलाच जोर धरला. गोवऱ्या थापणाऱ्या, पापड वाळवणाऱ्या देशाला ही कृती परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

याच लाटेत अझोलाही पुढे आला. पाण्यावर तरंगणारे हे इवलेसे नेचे आपल्या पानांच्या पोकळीत अ‍ॅनाबीनाला भाडेकरू म्हणून ठेवते. उत्तर व्हिएतनाममध्ये त्याची शेती इतकी जुनी की पूर्वीच्या थाई बिन्ह प्रांतातल्या ला व्हान गावात, अझोला प्रथम जोपासणाऱ्या बा हेंग या शेतकरी बाईचे मंदिर असल्याचे सांगतात. प्रतिकूल हंगामात अझोला जगवण्याची हातोटी काही मोजक्या घराण्यांना ठाऊक होती. ते ती सांगत नसत, दरसाल बेणे विकत. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत पी. के. सिंह यांनी सत्तरच्या दशकात त्यावर बरेच काम केले. पण अझोला उन्हाने मरतो, स्फुरद मागतो, किडींना आवडतो आणि रोज लक्ष द्यायला लावतो. महाराष्ट्रात तो आज भेटतो तो बहुधा गोठ्याशेजारच्या प्लॅस्टिकच्या हौदात, जनावरांचे खाद्य म्हणून. खाचरातून निघून तो गव्हाणीत गेला.

शेवाळाच्या मोहिमेला अवघड प्रश्न विचारले गेले लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत. फ्रान्सचे पिएर रॉजर आणि श्रीलंकेचे एस. ए. कुलसूरिया यांनी १९८० मध्ये तोवरचे सगळे प्रयोग एकत्र मांडले. शेवाळ हंगामात सरासरी हेक्टरी २७ किलो नत्र धरते आणि शेवाळ पेरलेल्या प्रयोगांत उत्पादन सरासरी १४ टक्के वाढलेले दिसते, असे आकडे निघाले. आकडे मोहिमेच्या बाजूचे वाटतात, पण खोच पुढे होती. बहुतेक प्रयोगांत शेवाळ टाकले आणि शेवटी भात मोजला. मधल्या तीन महिन्यांत टाकलेले शेवाळ जगले की मेले, वाढले ते तेच की दुसरेच, हे जवळजवळ कुणी पाहिलेच नव्हते.

रॉजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिले. भारत, फिलिपिन्स, मलेशिया आणि पोर्तुगालमधले भातमातीचे १०२ नमुने त्यांनी तपासले. नत्र धरणारे शेवाळ नाही असा एकही नमुना निघाला नाही. एवढेच नव्हे, तर शिफारशीप्रमाणे जेवढे पेरायचे त्याहून जास्त शेवाळ बहुतेक मातींत आधीपासूनच होते. १९८७ मध्ये हा निकाल छापून आला. गोदावरीला पूर आला असता घागरीने पाणी ओतावे तसे हे विरजण टाकणे चालले होते.

मग साय सगळीकडे सारखी का धरत नाही? कारणे खाचरातच होती. पहिले कारण स्फुरदाची चणचण. दुसरे म्हणजे ती साय खाणारे जीव, शिंपल्यासारखे कवच पांघरलेले टिचभरही नसलेले कवचधारी, डासांच्या अळ्या आणि गोगलगाई. यांच्या झुंडी वाढल्या की शेवाळाचा काही दिवसांत फडशा पडतो. लॉस बान्योसला त्यांच्यावर कुटलेल्या निंबोळ्यांचा प्रयोग झाला. खाणारे घटले, शेवाळ वाढले, नत्रही वाढले. वेंकटरामन यांच्या ट्रेमध्ये कीटकनाशक घालायची सूचना होतीच. म्हणजे ट्रेमधल्या शेवाळाला राखणदार होता, शेतात टाकलेले मात्र वाऱ्यावर सोडले जात होते.

तिसरे कारण युरिया. पाण्यावर फोकलेला युरिया विरघळतो आणि त्याचा अमोनिया होतो. आयते नत्र मिळाले की शेवाळ स्वतःचे नत्र धरण्याचे कष्ट थांबवते. कष्ट न करणारी साधी हिरवी शेवाळे त्या पाण्यात जोमाने माजतात. ही माजलेली शेवाळे दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे पाण्याचा सामू भर दुपारी नऊच्या वर चढतो आणि अशा पाण्यातला अमोनिया हवेत उडून जातो. म्हणजे शेतकऱ्याने पैसे मोजून टाकलेला युरिया आधी फुकटचा नत्रपुरवठा बंद करतो आणि मग स्वतःही निघून जातो.

इकडे सरकारी गाडी रुळावर होती. १९८३ मध्ये जिवाणू खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. गाझियाबादला मुख्य केंद्र झाले आणि नागपूरलाही एक विभागीय केंद्र आले. रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची पाकिटे निघाली. कडधान्यांवर रायझोबियमने चांगले काम केले, त्यात वाद नाही. पण पाकिटातले जिवाणू उन्हात, गोदामात, एसटीच्या टपावर मरतात आणि मेलेले पाकीट बाहेरून जिवंत पाकिटासारखेच दिसते. जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली ती २००६ मध्ये. तोवर कित्येक शेतकऱ्यांचा विश्वास उडून गेला होता. भाताचे शेवाळ तर या दुकानदारीत कधी नीट बसलेच नाही.

लॉस बान्योसच्या कामातून निघालेला खरा धडा पाकिटाचा नव्हताच. कामकरी शेतात हजर आहेत, त्यांच्या कामात आडवे येऊ नका, एवढाच तो होता. त्याची वाटही १९८० मध्येच दाखवली गेली होती. रॉजर, कुलसूरिया आणि सहकाऱ्यांनी युरिया पाण्यावर न फोकता चिखलात खोल पुरून पाहिला. पाणी नत्रापासून मोकळे राहिले, शेवाळाचे नत्र धरणे चालू राहिले आणि युरियाही मुळाशीच थांबला. खत आणि शेवाळ यांचे वैर जागेचे होते. एकाला खाली, दुसऱ्याला वर ठेवले की मिटत होते.

खोल पुरलेल्या युरियावर जगभर ज्यांनी सर्वाधिक काम केले त्यांत डॉ. एन. के. सावंत हे एक नाव आहे. अमेरिकेतल्या अलाबामामधल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात ते होते. तिथल्या अनुभवातून त्यांनी कोकणच्या शेतकऱ्यासाठी चारसूत्री भात लागवड बेतली. भाताचा तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत, म्हणजे रोपांना सिलिका. चिखलणीच्या वेळी हेक्टरी अडीच-तीन टन गिरिपुष्पाचा पाला. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून-पालटून अंतर ठेवून नियंत्रित लावणी. आणि लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल एक युरिया-डीएपीची गोळी, २.७ ग्रॅमची. गोळीत ६० भाग युरिया, ४० भाग डीएपी. हिशेब मांडला तर हेक्टरी सुमारे १७० किलो गोळ्या, म्हणजे ५९ किलोच्या आसपास नत्र. एरवीची शिफारस शंभर किलोची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पुढे कोकण अन्नपूर्णा ही तिन्ही अन्नद्रव्यांची गोळीही काढली.

चारसूत्रीच्या घडीपत्रिकांत शेवाळाचा उल्लेख शोधायला जाऊ नये. सावंतांचा उद्देश खत वाचवण्याचा आणि उतारा वाढवण्याचा होता. पण गिरिपुष्पाचे नत्र त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणूच धरतात, आणि खाली पुरलेली गोळी वरचे पाणी सायीसाठी मोकळे सोडते. दहा किलो पापुद्रे फेकून जे साधायचे होते, त्याच्या अधिक जवळ ही पद्धत जाते, तेही शेवाळाचे नाव न घेता. शेवाळाच्या मोहिमेवर गेलेल्या पैशातला थोडा जरी भाग गोळी पुरण्याच्या सोप्या अवजारावर गेला असता, तर या गोष्टीचा उत्तरार्ध वेगळा झाला असता, असे म्हणायला जागा आहे.

कारण अडले आहे ते तिथेच. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप आहे, तरी तो पाण्यावरच फोकला जातो. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि ते फोकायला एक माणूस पुरतो. हेक्टरभर भाताला गोळ्या लागतात ६२,५००, आणि त्यातली प्रत्येक गोळी लावणीच्या ऐन घाईत, भर पावसात, ओणवे होऊन हाताने चिखलात खुपसावी लागते.